जांभळ्या पापुद्र्याची निश्चिती

कसबा पेठ, पुणे
९ जून २०२५

सौ. शेफाली यांस,

‘सौ.’ लिहावं की नाही हे आता कौटुंबिक न्यायालय ठरवील. तोवर सवयीने लिहितो. आपण माहेरी खुशाल असाल. मी इथे खुशाल आहे, आणि नसतो तरी आपल्याला कळवलं नसतं.

पत्राचं कारण एकच. आमच्या घरी जी खाऱ्या पाण्याची माशांची पेटी आपण सोडून गेलात, तिच्यातल्या दगडांवर जांभळी साय धरली आहे. आधी डाग असावेत, आता चांगला पापुद्रा आहे, आणि तो दगडांवरून समोरच्या काचेवर चढू लागला आहे. मी त्या खोलीत चष्मा लावून जात नाही, म्हणून उशिरा दिसलं. चार चिमटी दाणा टाकायला चष्मा लागत नाही.

मुळात ही पेटी माझ्या गळ्यात का पडली, याची आठवण करून देतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपले वडील दत्तोबा किरकटवाडीहून टेंपो घेऊन आपलं सामान न्यायला आले. आमचा चि. सौमित्र त्या दिवशी मीटिंगमध्ये होता. महत्त्वाच्या दिवशी तो मीटिंगमध्येच असतो. दत्तोबांनी कपाट उतरवलं, शिलाई मशीन उतरवलं, आणि पेटीसमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, “ह्ये पानी हाय पाव्हनं. हालवलं तर जितराब मरंल. ऱ्हाऊ द्या हितंच.” जणू मी विनंती करत होतो. नंतर आपला कागद आला, सूचनांचा, पाठपोट. सूचना लिहिण्यात कसब्यातल्या माणसाला मागे टाकायचा आपला इरादा दिसला.

त्यातली सहा कलमं मी पाळली आहेत. तिसऱ्या कलमात नळाचं पाणी घालू नका असं लिहिलंत. खडकवासल्याच्या पाण्यावर आमच्या चार पिढ्या वाढल्या, त्यांना काही झालं नाही. आपल्या दोन माशांना मात्र ते चालत नाही. तरी पाळलं. जार विकत आणतो. सातवं कलम असं: ‘दगडांवर जांभळं आलं तर घासू नका.’ का घासू नका, ते लिहिलेलं नाही. कारण न देता सूचना देणं सॉफ्टवेअरमध्ये चालत असेल. आम्ही वर्गात असं केलं तर मुलं उठून जायची.

खातरजमा म्हणून मंडईमागच्या त्या दुकानात गेलो, जिथून आपण ही आरास आणलीत. दुकानदार पंचविशीचा. त्याने माझ्या मोबाइलवरचा पेटीचा फोटो दोन बोटांनी ताणला आणि म्हणाला, “काका, हे तर गुड साइन आहे. ठेवा तसंच.” त्याच्या मागच्या काचेत एक प्लास्टिकचा सांगाडा दर दहा सेकंदांनी तोंड उघडून बुडबुडे सोडत होता. हे ज्याला शोभा वाटतं, त्याच्याकडून मी वनस्पतिशास्त्र शिकणार नाही.

चौतीस वर्षं मी कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहालयात शैवालांचे नमुने सांभाळले. वाळवलेला नमुना कागदावर चिकटवायचा, खाली पट्टी लावायची: नाव काय, कोणी ओळखलं, कोणत्या तारखेला. याला आम्ही निश्चिती म्हणतो. माझ्या सहीच्या साडेचार हजार पट्ट्या त्या कपाटांत आहेत. तेव्हा आपल्या पेटीची निश्चिती मीच करून टाकली: नीलहरित शैवाल. नाव निळं-हिरवं असलं तरी जांभळट रंगाचं येतं, बुळबुळीत असतं, आणि घाण पाण्यात माजतं. ते काढावं लागतं. आठ दिवसांत पेटी घेऊन जा, नाहीतर मी माझ्या पद्धतीने साफ करीन.

आता दुसरी गोष्ट. दत्तोबांचा फोन आला होता. आपला निरोप त्यांनी शब्दशः पोचवला असावा: “बाकी काय बी लिवा म्हनती, पर आईंचं तेवढं वाक्य काढा.” सौमित्रच्या अर्जाला जोडलेल्या माझ्या प्रतिज्ञापत्रातल्या सहाव्या वाक्याबद्दल आपण बोलत आहात हे मला समजलं. ‘माझी पत्नी कुसुम अंथरुणाला खिळलेली असताना सून शेफाली आपला वेळ माशांच्या पेटीत घालवीत असे.’ मी ते पुन्हा वाचून पाहिलं. त्यात एकही शब्द खोटा नाही. याविषयी अधिक लिहिणार नाही. बावीस जुलैला तारीख आहे, तिथे काय ते होईल.

पेटीचं तेवढं बघा.

आपला,
श्यामसुंदर


कसबा पेठ, पुणे
१८ जून २०२५

सौ. शेफाली यांस,

आपलं उत्तर मिळालं. पाठपोट पत्राला फोनवर दोन ओळी. ‘बाबा, घासू नका. ते काय आहे ते आईंना माहीत होतं.’

कुसुम सातवीपर्यंत शिकली होती. तिला शैवाल म्हणजे विहिरीतलं शेवाळ एवढं ठाऊक. चौतीस वर्षं ती माझा डबा भरून देत आली. डब्याच्या फडक्यातून विद्या उलट घरी येत असती, तर कॉलेजं काढायची गरजच नव्हती. वनस्पतींच्या बाबतीत आपण मला कुसुमचा दाखला देता, हे वाचून मी फोन उपडा ठेवला.

तर कळवतो की घासलं. मंडईतून काथ्याचा ब्रश आणला, तांब्याची भांडी घासायचा. दगड एकेक करून बादलीत काढले. व्हिनेगर घातलं, नळाच्या तोटीला चढलेला पांढरा थर आपण ज्याने काढायचात तेच. चार दगड, चार तास. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा उचलेना. पाचवा दगड मोठा आहे, गुहेसारखा, तो हलला नाही, म्हणून पेटीतच हात घालून समोरून जितका पोचला तितका खरवडला. काच पात्याने साफ केली. आता सगळं पांढरं आणि स्वच्छ आहे. पेटी पहिल्यांदाच पाहण्यासारखी दिसते.

रविवारी सौमित्र आला होता. दर रविवारी येतो, एखादी सही घेऊन जातो किंवा डबा. पेटीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, हे विकून टाकू ना, मी ऑनलाइन टाकतो.” मी विचारलं, यातल्या माशांची नावं काय? “माशांना नावं असतात?” म्हणाला. त्याच्या आईने ती ठेवली होती, महिनाभर घरात त्याच नावांनी हाका चालल्या होत्या: जाडा तो गेनबा आणि चपळ ती हेमा. हा त्याच घरात राहत होता. मी त्याला मटकीच्या उसळीचा डबा भरून दिला आणि वाटेला लावलं.

तेव्हा निश्चिती माझी, कृती माझी, आणि निकाल समोर आहे. आपण नोकरीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेता; इथे सापडणार नाही.

गेनबाने आज दाणा खाल्ला नाही. हे केवळ माहितीसाठी.

श्यामसुंदर


कसबा पेठ, पुणे
७ जुलै २०२५

चि. शेफाली,

‘आपण’ फार झालं. दोन पत्रांत दमलो.

गेनबा मेला. मागचं पत्र टाकून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी. व्हिनेगर दगडांच्या भेगांत राहिलं असणार, किंवा एकदम सगळं उपसल्यामुळे पाणी बिघडलं असणार. तुझ्या दुकानदाराने दोन्ही कारणं सांगितली आणि पैसे न घेता पाणी तपासून दिलं. सांगाडा अजून तोंड उघडतोय. हेमा जिवंत आहे, पण दगडामागून फारशी बाहेर येत नाही. गेनबाला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. हे सगळं मला अगोदर लिहायला हवं होतं. पंधरा दिवस पेन शोधत होतो असं समज.

आता जे तीन आठवडे टाळतोय ते लिहितो. मागच्या पत्रात मी लिहिलं की चार दगड घासले. ते खरं आहे. पहिल्या दगडाचं मात्र लिहिलं नाही. त्यावरचा पापुद्रा ब्रशने निघेना. नीलहरित शैवाल बोटाने पुसलं तरी जातं, आणि हे तर नखाला लागत होतं, टणक. मी पात्याने एक पोपडा खरवडून स्टीलच्या वाटीत घेतला आणि वर व्हिनेगरचे थेंब टाकले. बुडबुडे आले. शेफाली, पहिल्या वर्षाच्या पोरांना मी जे पहिलं प्रात्यक्षिक देत असे ते हेच. आम्ल टाका; फसफसलं तर ते चुन्याचं कवच करणारं शैवाल. समुद्राच्या दगडांवर वाढतं, स्वच्छ पाण्यातच वाढतं, वर्षाला नखाएवढं. पेटी निरोगी असल्याशिवाय येत नाही. तुझा दुकानदार बरोबर होता. तुझं सातवं कलम बरोबर होतं.

हे मला वाटीतल्या बुडबुड्यांबरोबरच कळलं. त्यानंतर मी आणखी तीन दगड घासले.

का, ते तूच सांग. तुला चुका शोधता येतात. मला एवढंच सांगता येतं की तुला ‘साफ करीन’ असं लिहून बसलो होतो, आणि लिहिलेलं खोटं पडू द्यायचं नव्हतं. एका माशाचा जीव गेला तो या थाटापायी.

मी ओळखलं कसं नाही, याचं उत्तर त्याहून लाजिरवाणं आहे. आमच्या कपाटात या शैवालाचे एकोणीस नमुने आहेत. एकोणीसच्या एकोणीस पांढरे. मेल्यावर, वाळल्यावर त्याचा रंग जातो. चौतीस वर्षं मी ते मेलेलंच पाहिलं आणि पट्ट्यांवर सह्या केल्या. जिवंतपणी ते जांभळं असतं हे पुस्तकात वाचलं होतं, मुलांना सांगितलंही होतं. माझ्याच घरात, माझ्या बायकोच्या उशाशी ते जिवंत उभं राहिलं, तर मी त्याला घाण म्हटलं.

गेनबाला गुंडाळायला कागद हवा होता. कुसुमच्या खोलीत भिंतीवर २०२३ ची दिनदर्शिका तशीच आहे. मी उतरवली नाही, तूही उतरवली नाहीस. म्हटलं, जुनं पान आहे, घेऊ. त्या दिवशी चष्मा लावला होता. तारखांच्या चौकटीत पेन्सिलीने आकडे आहेत. ऑगस्टमध्ये दोन, दोन, तीन. सप्टेंबरात पाच, सात, सात. अक्षर तुझं. ते आकडे मी तेव्हाही पाहिले होते. मला वाटलं होतं, दुखण्याच्या गोळ्या मोजताय. वाढत्या गोळ्या बघवत नव्हत्या, म्हणून मी पुन्हा पाहिलं नाही. आणि एकवीस सप्टेंबरच्या चौकटीत तुझं नाही, तिचं अक्षर आहे, थरथरलेलं, चौकटीबाहेर गेलेलं: ‘दगडावर अकरा जांभळे. हर्णैच्या कातळावर असेच. ह्यांना सांगायचं नाही, लॅटिन सांगत बसतील.’

मला हसू आलं, कारण मी नक्कीच लॅटिन सांगत बसलो असतो. हर्णैची पोर ती, ओहोटीला कातळावर कालवं फोडत वाढलेली. तिने ते जिवंत पाहिलं होतं. मी तिला लग्नानंतर एकदाही विचारलं नाही की तुमच्याकडच्या दगडांवर काय असतं. वर तुला लिहिलं की तिला विहिरीतलं शेवाळ ठाऊक.

तेव्हा गोळ्या मोजत नव्हतात तुम्ही. डाग मोजत होतात. ती उशीवर मान वळवायची, तू दगडाशी बोट नेऊन ‘हा धरला का आई, हा?’ विचारायचीस. ते आवाज मला बाहेर ऐकू येत. मी बाहेर असायचो. हे लिहायलाच पाहिजे, कारण आजवर ते कोणी म्हटलेलं नाही आणि सौमित्रच्या वकिलाला तर ठाऊकच नाही. कुसुम अंथरुणाला खिळल्यापासून मी त्या खोलीत किती वेळ बसलो? सकाळी वाचनालय, दुपारी झोप, संध्याकाळी पर्वतीची फेरी, आणि उरलेल्या वेळात बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचा आवाज करणं. मला तिचं ते रोडावत जाणं बघवत नव्हतं. तिलाही ते बघवत नसेल, पण तिला बाहेर जायची सोय नव्हती. पेटी तू आणलीस तेव्हा मी काय म्हणालो होतो आठवतं? “घरात आजारपण आणि यांना मौज सुचते.” ‘छताकडे बघत मरायचं नाही म्हणाल्या होत्या आई,’ एवढंच तू नंतर दत्तोबांना सांगितलंस. त्यांनी मला परवा सांगितलं, तेही मी फोन केला म्हणून. म्हणाले, “तुमास्नी ठावं आसंल म्हनून बोललो न्हाई पाव्हनं.” मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना जितका अडाणी समजत आलो त्याचा हिशेब त्या वाक्याबरोबर चुकता झाला.

आता सौमित्र. तू सामोपचाराने सुटायला तयार होतीस, पण त्याला सुटका पुरली नाही, दोषही तुझ्या नावावर हवा होता. वकिलाने मसुदा आणला. सहावं वाक्य मी दोनदा वाचलं. मनात म्हटलं, शब्द तर खरे आहेत. तेव्हाही मला कळत होतं, शेफाली. बुडबुडे तेव्हाही आले होते. मी सही केली, कारण ते वाक्य तुझ्यावर राहिलं की माझ्यावर येत नव्हतं.

काल दुपारी मी कुसुमच्या पलंगावर आडवा झालो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. मान उशीवर ठेवून पेटीकडे पाहिलं. उभ्याने दिसत नाही असं तिथून दिसतं. त्या मोठ्या दगडाच्या पोटाखाली, गुहेत, जिथे माझा ब्रश वाकला नाही, तिथे ते आहे. जांभळं, जिवंत. हेमा त्याच आडोशाला बसते. मी मोजलं. तेवीस आले. पहिल्यांदा एकवीस आले होते; डोळे पुसून पुन्हा मोजले.

म्हणून आज सकाळी शिवाजीनगरला जाऊन दुसरं प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीने विचारलं, “आजोबा, पहिलं मागे घेताय का?” मी म्हटलं, नाही. त्याला कळलं नाही, तुलाही आधी राग येईल, म्हणून समजावतो. तू मागितलं होतंस की ते वाक्य काढा. ते मी काढणार नाही. संग्रहालयात एक नियम आहे आणि तो मी कधी मोडला नाही: चुकीच्या निश्चितीची पट्टी फाडायची नाही. बरोबर पट्टी तिच्या शेजारी चिकटवायची, नाव आणि तारीख घालून. म्हणजे पुढे जो कोणी नमुना उघडेल, त्याला चूक कोणाची होती तेही वाचता येतं. वाक्य काढलं तर मी सुटलो. ते तिथेच राहू दे, माझ्या सहीसकट, आणि त्याच्याखाली हे:

‘माझी पत्नी कुसुम अंथरुणाला खिळलेली असताना माझी सून शेफाली आपला वेळ माशांच्या पेटीत घालवीत असे, कारण ती पेटी तिने कुसुमसाठी, कुसुमच्या उशाशी मांडली होती. तो वेळ त्या दोघींचा होता. त्या काळात आजारी माणसाकडे दुर्लक्ष घरातल्या एकाच व्यक्तीने केलं. ती व्यक्ती मी आहे.’

प्रत सोबत आहे. बावीस तारखेला मी दिनदर्शिका घेऊन येतो. तुझ्या वकिलांना सांग, पहिला प्रश्न एकवीस सप्टेंबरच्या चौकटीचा विचारा, मोठ्याने वाचून दाखवायला लावा. सौमित्र समोर असेल. त्या दिवशी मीटिंग असेल तर वाट बघायला लावा.

पेटी नेऊ नकोस, हलवली तर उरलेलंही जाईल. तुझे वडील बरोबर म्हणाले होते. तू मात्र येऊन जा. तेवीस आहेत की एकवीस, ते माझ्याच्याने ठरत नाही.

काचेवर, खालच्या कोपऱ्यात, मी पट्टी लावली आहे. ती अशी:

नीलहरित शैवाल. निश्चिती: श्यामसुंदर, ९ जून २०२५.
कवचाचं जांभळं शैवाल, जिवंत. निश्चिती: कुसुम, २१ सप्टेंबर २०२३. नोंद: शेफाली.
वरची पट्टी काढू नये.

तुझा चुकलेला,
बाबा